आठ तातामींची खोली: कामाच्या नोंदी

१६ मार्च २०२४

आज पहिली तातामी (जपानी घरात जमिनीवर बसवतात ती जाड, गादीसारखी चटई) उचलली. घर ओकायामा आणि कुराशिकीच्या मधल्या हायाशिमा गावात आहे, ताबा गेल्या महिन्यात मिळाला. (पुणेकरांसाठी: हे तेच ओकायामा, जिथल्या कोराकुएन बागेवरून आपल्या सिंहगड रस्त्यावरची बाग बेतलेली आहे.) खालच्या मजल्यावर तातामीच्या दोन खोल्या. एक आठांची झाशिकी, म्हणजे पाहुण्यांची बैठक, तोकोनोमाच्या कोनाड्यासकट. दुसरी तिला लागून, सहांची. ठेकेदाराचं म्हणणं सरळ आहे: सगळं उपटा, प्लायवूड ठोका, वर लाकडी फ्लोअरिंग. त्याच्या अंदाजपत्रकात तातामीच्या नावावर एकच ओळ होती, "विल्हेवाट". ती मला खटकली. टाकायचं तर निदान काय टाकतोय ते बघून टाकू, म्हणून आजचा शनिवार.

दाराजवळच्या तातामीच्या फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून कड वर काढली, नवऱ्याने बोटं घातली आणि दोघांनी मिळून उभी केली. तीस किलोच्या वर नक्की आहे. आत निव्वळ भाताचा पेंढा, आडवा-उभा थर देऊन, दाबून, जाड दोऱ्याने शिवलेला. पालथ्या बाजूला शाईने खोलीचं नाव आणि जागा लिहिलेली: "झाशिकी, तोकोनोमापुढची डावी". आठही जणींवर असा आपापला पत्ता आहे. मी आधी याला जुन्या माणसांची टापटीप समजले.

खाली वर्तमानपत्रं अंथरलेली होती. ओल शोषायला आणि फटीतून येणारा वारा अडवायला पूर्वी सर्रास घालत. एकावर तारीख शोवा ४७, म्हणजे १९७२, आणि पानभर शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, जाहिराती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गाडी ओसाकाहून ओकायामापर्यंत आली होती. अर्धा तास कामाला हात लागला नाही.

कागदांखाली सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, न रंधलेल्या फळ्या, मुद्दाम फटी सोडून ठोकलेल्या. व्हरांड्याकडच्या दोन फळ्या बोटाने दाबल्या तर दबतायत.

२३ मार्च

मापं घेतली. पश्चिम जपानात तातामीचं जुनं माप १९१ × ९५.५ सेंमी. त्याला क्योमा किंवा होन्मा म्हणतात. तोक्योकडचं एदोमा १७६ × ८८, नागोयाच्या बाजूचं मधलं १८२ × ९१, आणि युद्धानंतरच्या सरकारी चाळवजा इमारतींमधलं दांचिमा जेमतेम १७० × ८५. जाहिरातीत "आठ तातामींची खोली" एवढंच वाचून घर पसंत करणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत. आठ होन्मांची खोली ३.८२ मीटरची चौरस, म्हणजे साडेचौदा चौरस मीटर. आठ दांचिमांची साडेअकरा. नाव तेच, पण मधल्या मधे एक पलंग आणि कपाट मावेल एवढी जागा गायब.

आमच्या खोलीचं माप तोकोनोमाच्या बाजूला ३८१९ मिमी, समोरच्या बाजूला ३८२७. दोन्ही कर्णांत सव्वा सेंटिमीटरचा फरक. गुण्या लावला तर चारांपैकी एकच कोपरा काटकोनात बसतो. म्हणजे मागचे ते पत्ते टापटिपीसाठी नव्हतेच. प्रत्येक तातामी आपल्या जागेच्या वाकडेपणाप्रमाणे कापलेली आहे, दुसऱ्या जागी ती बसणारच नाही.

पूर्वेकडे आधी खांब उभे करायचे आणि उरलेल्या जागेप्रमाणे तातामी कापायच्या, अशी रीत. पश्चिमेकडे उलट. माप तातामीचं ठरलेलं, खांब त्या मापाने उभे करायचे. त्यामुळे एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) ओसाकात भाड्याचं घर उघडंबोडकं मिळायचं आणि भाडेकरू तातामी, सरकती दारं स्वतःची घेऊन यायचा. जाताना परत घेऊन जायचा. आमचंही घर होन्माचंच, पण इतक्या वर्षांत लाकूड आपल्या मर्जीने हललंय, आता इथून तिथे नेण्याची सोय संपली.

६ एप्रिल

तातामीवाले येऊन गेले. सगळं गाव त्यांना "तातामीया-सान" म्हणतं, मीही तेच म्हणते. सत्तरी ओलांडलेली, हातात फक्त तातामी उचलायचा एक आकडा आणि टेप. खोलीभर मोज्यांनी सावकाश चालले, कुठे थांबले, टाचेने दाबलं, पुढे गेले. मग आकड्याने दोन तातामी उचलल्या आणि कडेला अंगठा खुपसून पाहिला.

निदान थोडक्यात असं. तातामीचे भाग तीन. आतली जाड गादी तोको, वरचं विणलेलं पांघरूण ओमोते, आणि लांब बाजूंना शिवलेला कापडी काठ हेरी. तिघांचं आयुष्य वेगवेगळं. ओमोते तीन-चार वर्षांनी उसवून उलटी करतात, पूर्वी शर्टाची झिजलेली कॉलर शिंपी उलटवून द्यायचा तशी. आणखी तेवढीच वर्षं गेली की नवी घालतात. तोको मात्र चांगल्या पेंढ्याची असेल तर पन्नास वर्षं सहज काढते. आमच्या आठांपैकी सहा तोको ठणठणीत आहेत. व्हरांड्याकडच्या दोन ओल लागून आतून भुसभुशीत झाल्यात, त्या गेल्या.

"मग दोन नव्या करू," मी म्हटलं.

"पेंढ्याची नवी तोको मागवावी लागेल, आणि थांबावं लागेल."

भाताच्या देशात पेंढ्याची टंचाई ऐकून मी चाटच पडले. पण कारण साधं आहे. कंबाइन हार्वेस्टर कापणी करता करताच पेंढ्याचे तुकडे करून शेतात टाकतो. तोकोला अख्ख्या लांबीचा, नीट वाळवलेला पेंढा लागतो. सुमारे ४० सेंमी उंचीचा ढीग दाबून ५ सेंमीचा करायचा, तेव्हा एक तोको तयार होते. तेवढा पेंढा हाताने कापून वाळवणारे शेतकरी आता थोडे. म्हणून आजकालची बहुतेक नवी तोको लाकडी भुशाचा बोर्ड आणि फोम यांची असते. हलकी असते, ऊब धरते, किडे होत नाहीत. एका हाताने उचलता येते. वाईट म्हणता येणार नाही. पण सहा पेंढ्याच्या आणि दोन फोमच्या शेजारी शेजारी घातल्या तर पायाला कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि वर्षभरात उंचीतही फरक पडतो.

शेवटी त्यांनीच तोड काढली. पाडलेल्या एका घरातल्या होन्मा तोको त्यांच्या गोदामात पडून आहेत. त्यातल्या दोन कापून, डागडुजी करून बसवायच्या. मी लगेच हो म्हटलं. घरातली सगळ्यात टिकाऊ वस्तू आम्ही "विल्हेवाट" लिहून कचऱ्यात घालणार होतो.

ओमोतेचे तीन भाव दिले: चिनी, दक्षिण जपानातल्या कुमामोतोची मधली, कुमामोतोची वरची. शिवाय जपानी कागद पिळून केलेलीही मिळते, रंग उडत नाही, लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरांत खपते. चौघींचे नमुने ठेवून गेले.

१३ एप्रिल

नमुने भिंगाखाली. फरक शोधायला कडा बघायच्या. इगुसा ही लव्हाळ्यासारखी पाणथळ जागेत वाढणारी, पानं नसल्यात जमा अशी गोल काडी. बुडाशी ती फिकट, टोकाला तपकिरी आणि बारीक. ओमोतेत काडी रुंदीला आडवी जाते. काडी आखूड असेल तर तो फिकट बुडखा आणि ते मरतुकडं टोक पृष्ठभागातच येतं, आणि झीज तिथूनच सुरू होते. दीड मीटरच्या आसपास लांब काडी असेल तर दोन्ही टोकं काठाच्या बाहेर कापली जातात, मधला एकसारखा भाग तेवढा खोलीत राहतो. म्हणजे महाग ओमोतेत पैसा जातो तो मुख्यतः कापून टाकलेल्या लांबीचा.

दुसरी गोष्ट उभ्या धाग्यांची. सुती ताण्यावर काड्या फार ठोकल्या तर धागा तुटतो. 'असा' नावाच्या, तागासारख्या चिवट धाग्यावर जास्त काड्या मावतात, वीण उंच आणि घट्ट होते. एका ओमोतेत चार-पाच हजार काड्या असतात, वरच्या प्रतीत सात हजारांपर्यंत.

एक काडी नखाने सोलली. आत पांढरा, स्पंजासारखा गाभा सलग निघाला. ओलावा घेण्या-सोडण्याचं काम हाच करतो. जुन्या काळी दिव्यात याचीच वात असे, आणि पारंपरिक जपानी मेणबत्तीची वात आजही याच गाभ्याने गुंडाळतात.

कागदी नमुना बाद. त्याला वासच नाही. कुमामोतोची मधली, असा-धाग्याची, ठरवली.

३ मे

सुट्टी होती म्हणून लेकीला घेऊन कोजिमाला गेलो, हेरी निवडायला. कोजिमा जीन्ससाठी प्रसिद्ध, पण देशात लागणाऱ्या हेरीचाही मोठा वाटा याच गावात विणला जातो. समुद्र हटवून केलेली खारट जमीन, तिच्यात भात होईना म्हणून कापूस, कापसातून पट्टे आणि फिती, मग शाळेचे गणवेश, मग जीन्स, असा हा प्रवास. अरुंद पट्टी विणायचं कसब हेरीत उतरलं.

हेइआन काळात (सुमारे नववं ते बारावं शतक) तातामी खोलीभर नसायचीच. लाकडी जमिनीवर मानाच्या माणसापुरती एखादी टाकायची आणि काठाच्या नक्षीवरून बसणाऱ्याचा दर्जा कळायचा. सम्राट, निवृत्त सम्राट आणि सम्राज्ञींसारख्यांसाठीची उन्गेन-बेरी ही हेरी रंगीबेरंगी पट्ट्यांची, खालच्यांना ती वर्ज्य. भिंतीपासून भिंतीपर्यंत तातामी आली ती मुरोमाची काळात (चौदावं ते सोळावं शतक). क्योतोच्या गिन्काकुजी मंदिरातली १४८६ ची साडेचार तातामींची दोजिन्साई खोली त्या वळणावरची.

आता दर्जाची अट नाही, त्यामुळे गोल्डफिश, ठिपके, मांजरं सगळं मिळतं. लेकीला गोल्डफिश हवे होते. माझी पसंती गडद निळा, साधा. नक्षीच्या हेरीत एक मेख आहे. शेजारच्या दोन तातामींची नक्षी मधल्या शिवणीवर जुळावी लागते, आणि आमची खोली वाकडी. देवळांतल्या गोल चिन्हांच्या हेरीत अर्धं वर्तुळ या तातामीवर, अर्धं त्या तातामीवर येतं. एका मिलिमीटरची चूक लांबून दिसते. मजुरी त्या हिशोबाने. गोल्डफिशची तीन मीटर फीत घेतली, त्याची दप्तराला पिशवी होईल.

१५ जून

पावसाळा तोंडावर, म्हणून फळ्यांचं काम उरकलं. ठेकेदार प्लायवूड आणि प्लास्टिकच्या कागदावर अडून बसला होता. खालून ओल येते हे त्याचं खरं, पण वरून माणसांची, भाताच्या वाफेची ओलही तातामीत उतरते आणि तिला खाली जायला वाट लागते. दोन कुजक्या फळ्या बदलल्या, फटी होत्या तशा ठेवल्या. वाळवी तपासली, नाही.

सहांच्या खोलीतल्या जुन्या तातामींवर बुरशीची हिरवट साय धरलीय. पाणी वर्ज्य, ब्लीचने डाग पडतात. अल्कोहोल फवारून थोडं थांबायचं, मग जुन्या टूथब्रशने विणीच्या दिशेने घासायचं. आडवं घासलं की काडी फाटते. मग कोरड्या फडक्याने पुसून पंखा लावायचा, आणि तातामीची एक कड उचलून खाली रिकामा डबा सारून ठेवायचा. शेजारच्या आजींची युक्ती.

या आजी लग्नाआधीपासून इगुसाच्या मागावर बसलेल्या. साठ वर्षांपूर्वी हायाशिमाच्या भोवती सगळी इगुसाच होती. खारट जमीन तिला चालायची आणि ओकायामा तेव्हा या पिकात देशात पुढे होता. मग जवळच मिझुशिमाचे कारखाने उभे राहिले, तरण्या पोरांना महिन्याचा पगार मिळू लागला आणि भर उन्हाळ्यात चिखलात राबायला कोणी उरलं नाही. "कापणीच्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसायची," आजी म्हणाल्या, "आणि नाकात तो धुरळा." वासाचं कौतुक करणाऱ्या मला त्यांनी त्यावर काही सांगितलं नाही, फक्त हसल्या.

६ जुलै

यात्सुशिरो, कुमामोतो. तातामीया-सानांच्या ओळखीने एका शेतकऱ्याकडे. देशात पिकणाऱ्या इगुसापैकी ९० टक्क्यांहून अधिक कुमामोतोत होते, आणि त्यातली बहुतेक या सपाटीवर. तरीही बाजारातल्या निम्म्याहून जास्त ओमोते चीनमधून येतात. इथली इगुसाची घरं मागच्या पिढीत हजारोंनी होती, आता शेकड्यांत मोजतात.

पीक उलट्या घड्याळाचं. लावणी नोव्हेंबर-डिसेंबरात, पायाला कापरं भरवणाऱ्या पाण्यात. मे महिन्यात वाढलेल्या काड्यांचे शेंडे छाटून टाकतात, म्हणजे ऊन बुडापर्यंत पोचतं आणि नवे कोंब फुटतात. याच उशिरा आलेल्या कोंबांची लांब काडी होते. ती आडवी पडू नये म्हणून शेतभर जाळी ताणलेली, पीक वाढेल तशी वर सरकवायची. कापणी जूनच्या अखेरीपासून, ऊन चढायच्या आत आणि ऊन उतरल्यावर.

कापलेल्या पेंढ्या लगेच मातीच्या हौदात बुडवतात. बारीक चिकणमाती कालवलेलं करडं, दाट पाणी, त्यातून क्रेनने पेंढ्या वर येतात तेव्हा हिरवा रंग दिसतच नाही. मग रात्रभर गरम हवेच्या खोलीत वाळवण. मातीच्या पापुद्र्यामुळे काड्या एकसारख्या वाळतात, रंग टिकतो. आणि तातामीचा म्हणून जो वास सगळ्यांना ठाऊक आहे तो या मातीशिवाय येत नाही. हौदाजवळ उभी होते, तिथे फक्त ओल्या चिखलाचा वास होता. वाळवणाच्या खोलीचं दार उघडलं आणि तो आला.

शेतकरी पन्नाशीचे, शेत आणि माग दोन्ही घरचं. हिवाळ्यात विणतात. प्रत्येक ओमोतेत स्वतःच्या नावाची चिठ्ठी आणि क्यूआर कोड घालतात. मुलगा कुमामोतो शहरात नोकरीला. पुढे कोण करणार हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं: हार्वेस्टर मोडला तर नवा घेणार नाही.

२१ सप्टेंबर

तातामीया-सानांच्या कार्यशाळेत. आमच्या आठही तातामी नागड्या करून भिंतीला टेकवलेल्या. जुनी हेरी कापून काढली, ओमोते सोलली. जिथे पेंढा बसला होता तिथे नवा भरून दाभणाने शिवला.

ओमोते ताणून लांब कडा यंत्राने शिवतात, त्यात आडपडदा नाही. हातकाम कोपऱ्यांचं. पाव हाताएवढी सुई तोकोत खुपसायची, दोरा ओढायचा, आणि कोपराने कडेवर दाब देत टाका आवळायचा. त्यांच्या उजव्या कोपराला घट्टा पडलाय, गुडघ्याला पडावा तसा कडक. कोपऱ्यात हेरीची घडी अशी बसली पाहिजे की शेजारच्या तातामींचे काठ एका रेषेत येतील आणि कापडाची जाडी वर जाणवणार नाही. पहिला कोपरा त्यांना पसंत पडला नाही. उसवला, पुन्हा केला. मला दोन्हींतला फरक दिसला नाही.

काम करता करता २०१८ च्या जुलैबद्दल बोलले. जवळच्याच माबी गावात नदीचा बांध फुटला तेव्हा आठवडाभर ते तातामी बाहेर काढायलाच जात होते. पाण्याने फुगलेली पेंढ्याची तातामी चौघांनाही हलेना. रस्त्याच्या कडेला घराच्या उंचीचे ढीग, आणि उन्हाने आतून वाफ येत होती. त्यानंतर माबीतल्या नव्या घरांपैकी पुष्कळांनी तातामीची खोलीच ठेवली नाही, ठेवली ती फोमची. "त्यांना मी पेंढ्याची घ्या कसं सांगणार?" म्हणाले.

१२ ऑक्टोबर

तातामी बसल्या. दोघं आले, ते आणि त्यांचा भाचा. खोलीत फळ्या झाडून घेतल्या, वर्तमानपत्रं मी पुन्हा घातली नाहीत (१९७२ चा अंक ठेवलाय). मागच्या पत्त्यांप्रमाणे एकेक आत. तोकोनोमापुढची त्याला समांतर, आणि बाकीच्या अशा की चार कोपरे एका बिंदूत कुठेही येत नाहीत. घरात अशीच रचना शुभ. देवळाच्या मोठ्या दालनात सरळ चौकटीत घालतात, आणि पूर्वी घरात कोणी गेलं की तेवढ्यापुरत्या तशा मांडायचे.

सात निमूट बसल्या. आठवी कडेला अडली. दोन मिलिमीटर, जास्त नाही. भाच्याने पायाने ठोकायला सुरुवात केली तशी त्यांनी हात वर करून थांबवलं, तातामी उभी केली, आखूड बाजूचे टाके उसवून सुरीने तोकोचा एक पातळ काप काढला आणि तिथेच, आमच्या व्हरांड्यात बसून, पुन्हा शिवली. दुसऱ्यांदा ती स्वतःच्या वजनाने खाली गेली. भिंतीखालच्या पट्टीशी नख घालून पाहिलं, शिरलं नाही.

सूचना: पहिले काही दिवस मातीचा भुगा मोज्यांना लागेल. कोरड्या फडक्याने पुसायचं, ओल्या कधीच नाही, नाहीतर माती जाते आणि रंगही. ऊन थेट येतं तिथे पडदा. वर गालिचा नको. टेबलाचे पाय पडून खळगा झाला तर ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री. २०२८ च्या सुमारास ओमोते उलटवायला फोन करायचा. "मी नसलो तर हा येईल," असं म्हणून भाच्याकडे बोट. भाचा तातामी बनवण्याची सरकारी दुसऱ्या श्रेणीची परीक्षा पास झालाय, दिवसा मात्र तो दुसरीकडे नोकरी करतो.

हिशोब: आठ ओमोते प्रत्येकी १४,००० येन, जुन्या दोन तोकोंची डागडुजी मिळून १८,०००, हेरी आणि बसवणं धरून एकूण १,४६,०००. लाकडी फ्लोअरिंगपेक्षा स्वस्तच पडलं.

२ नोव्हेंबर

सहांच्या खोलीत तातामी ठेवणार नाही, हे ठरलं. तिथे दोघांची टेबलं आणि चाकांच्या खुर्च्या येणार, आणि ओमोतेला ते पेलत नाही. तातामी काढली की जमीन ५-६ सेंमी खाली जाते, म्हणून ठेकेदार खाली वासे वाढवून उंबरठ्याशी पातळी जुळवेल. तो खूश आहे. त्या खोलीतल्या चार चांगल्या तोको तातामीया-सान गोदामासाठी घेऊन गेले, पैसे कापून देतो म्हणाले, मी नको म्हटलं.

राहिल्या कुजलेल्या चार: झाशिकीतल्या दोन, सहांच्या खोलीतल्या दोन. पालिकेच्या मोठ्या कचऱ्यात द्यायच्या तर दर नगामागे शुल्क. शेजारच्या आजींना वांग्याच्या वाफ्यांवर आच्छादन हवंय, पुढच्या उन्हाळ्यात तण येणार नाही म्हणतात. अट एवढीच की आतला दोरा उसवून द्यायचा. एकीचा सुती आहे, तो कुजेल. बाकी तिघींचा नायलॉनचा. पक्कड आणि कात्री घेऊन उद्या बसायचंय.